दर्शन छान झालं, गर्दी नव्हती

रविवारी दुपारी, लोक जेवून आडवे होण्याच्या बेतात असताना, सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांचा संदेश येऊन पडला. 'आज सहकुटुंब मुंबई दर्शन. एसीत बसून, घामाचा थेंब न गाळता, माणशी फक्त सत्तर रुपयांत. सिद्धिविनायकाचंही छान दर्शन झालं. गर्दी अजिबात नव्हती.' खाली फोटो. पहिल्यात सरकता जिना. दुसऱ्यात तोच जिना, त्यावर काकू. तिसऱ्यात काकू नाहीत, नुसता जिना, बहुधा त्याचं सौंदर्य काकूंमुळे झाकलं जाऊ नये म्हणून. पुढच्या सगळ्या फोटोंत गाडीच्या दारावरचा नकाशा, त्यावर स्थानकाचं नाव, खाली उभा नातू, आणि नातवाच्या तोंडावर दक्षिणेकडे सरकेल तसा वाढत गेलेला कंटाळा. ग्रुपनं रीतीप्रमाणे अंगठे पाठवले, जोडलेले हात पाठवले, एकानं गुलाबाचं फूलही पाठवलं.

माझं घोडं शेवटच्या वाक्यावर अडलं. सिद्धिविनायकाला आणि रविवारी गर्दी नाही? मंगळवारी तर तिथली रांग पहाटेच्याही आधी लागते, पण रविवारही काही वाऱ्यावर सोडलेला नसतो. संध्याकाळी काका लिफ्टमध्ये सापडले. विचारलं, "काका, रांग नव्हती म्हणजे कोणत्या वेळेला गेलात?"

"अहो, उतरलोय कुठे? गाडी थांबली, दार उघडलं, हात जोडले, दार मिटलं."

"आणि चपला?"

"एक पाय बाहेर काढला होता ना," काका म्हणाले. माणूस प्रामाणिक आहे.

हा प्राणी तुम्हालाही माहीत असेल. पूर्वी तो लोकलमध्ये असायचा, आता जमिनीखाली उतरलाय. मुंबईची भुयारी मेट्रो: आरेपासून कफ परेडपर्यंत साडेतेहेतीस किलोमीटर, सत्तावीस स्थानकं, त्यातली सव्वीस जमिनीच्या पोटात. ऑक्टोबर 2025 मध्ये हा मार्ग शेवटपर्यंत खुला झाला आणि मुंबईकराला सुट्टीच्या दिवसाचा एक नवा कार्यक्रम मिळाला: शहर बघायला शहराखाली जायचं. आरेचं एक स्थानक तेवढं उजेडात, मग अंधार, मग स्थानक, मग अंधार, मग स्थानक, आणि तासाभरानं कफ परेड. कफ परेडला वर येऊन ऊन किती आहे ते पाहायचं, 'बाप रे' म्हणायचं आणि परत खाली जायचं.

यात 'बघणं' कुठे बसतं ते मला समजून घ्यायचं होतं म्हणून मीही एकदा गेलो. डब्यातल्या जागा भिंतीला लागून, लांबलचक. म्हणजे तुमची पाठ खिडकीला आणि तोंड समोरच्या माणसाच्या गुडघ्यांना. तरीही एक आई मुलाला सांगत होती, "बाळा, खिडकीकडे बस हं, मजा दिसते." ते पोर बिचारं गुडघ्यांवर उलटं बसून, काचेला नाक चिकटवून, दोन्ही हातांचा आडोसा करून बाहेर बघत होतं. बाहेर बोगद्याची भिंत होती. काचेत त्याचं स्वतःचं नाक होतं. "काय दिसलं रे?" आईनं विचारलं. "मी," पोरगं म्हणालं. त्या डब्यात खरं बोलणारा तो एकटाच होता. बीकेसी ते धारावी या टप्प्यात गाडी मिठी नदीखालून जाते. तिथे एका गृहस्थांनी सवयीनं नाकाला रुमाल लावला. बंद डबा, एसी चालू, बोगदा काँक्रीटचा. पण मिठी म्हटल्यावर हात आपोआप खिशाकडे जातो. त्यांनाही मी दोष देत नाही. निदान त्यांची मिठीशी ओळख होती.

पण खरा पेच सिद्धिविनायकाचा. दादर गेलं आणि पुढच्या स्थानकाची घोषणा झाली, तसा डब्यात एक बारीकसा धार्मिक गोंधळ सुरू झाला. लोकलच्या प्रवासात हे सोपं असतं. देऊळ ज्या बाजूला त्या बाजूला मान वळवायची, उजवा हात कपाळाला, मग छातीला, मग पुन्हा पेपरात डोकं. वर्षानुवर्षांच्या सरावानं मान आपसूक वळते. झोपलेल्या माणसाचीही वळते. इथे वळवायची कुठे? एका बाईंनी डावीकडे हात जोडले. त्यांच्या समोरच्या बाईंनी त्यांच्या डावीकडे जोडले. म्हणजे दोघी जणी विरुद्ध दिशांना नमस्कार करत होत्या आणि दोघींपैकी एक तरी बाप्पाकडे पाठ करून उभी होती. एका तरुणानं मोबाइल काढून नकाशा उघडला, पण नकाशा माणूस कुठे आहे ते सांगतो, किती खाली आहे ते सांगत नाही. तेवढ्यात एका आजोबांनी सरळ छताकडे पाहून हात जोडले, आणि डब्यात एकदम शांतता पसरली, कारण बरोबर तेच होते. देव वर होता. सगळे चटकन छताकडे बघू लागले. छताला एसीची जाळी होती. त्या जाळीला त्या दिवशी जेवढे नमस्कार पोचले तेवढे एखाद्या जागृत देवस्थानाला पोचत नसतील.

यावर पुढे शास्त्रार्थही झाला. एक पक्ष म्हणाला, आपलं डोकं देवाच्या पायांखाली, याहून मोठा नमस्कार कोणता? वर रांगेत तासभर उभं राहिलं तरी पायांशी डोकं टेकवू देत नाहीत, इथे बसल्या जागी टेकलं जातं. दुसरा पक्ष म्हणाला, पाय नव्हेत, पाया. वीस-पंचवीस मीटर खालून केलेला नमस्कार मूर्तीपर्यंत जाण्याआधी जोतं, माती, मुरूम, पाण्याचा पाइप, गॅसची वाहिनी आणि टेलिफोनची केबल यांतून जाणार; त्यातला किती वर पोचतो? तिसरा पक्ष, जो अशा चर्चेत नेहमी असतो, तो म्हणाला, भाव महत्त्वाचा. आता भाव एवढाच महत्त्वाचा असेल तर नमस्कार घरी सोफ्यावर बसूनही करता येतो, आणि सत्तर रुपये वाचतात. पण हे मी बोललो नाही, कारण वरळी आलं होतं. तेव्हापासून माझ्या मनात एक सूचना घोळतेय. गाडीत सांगतातच की दरवाजे कोणत्या बाजूला उघडतील. त्याला फक्त एक वाक्य जोडायचं: 'पुढील स्थानक सिद्धिविनायक. दरवाजे डाव्या बाजूला उघडतील. दैवत वरच्या बाजूला राहील. कृपया एकच पाय चपलेबाहेर काढावा, गाडी सुटताना चप्पल सापडत नाही.' आणि ज्यांना प्रदक्षिणा घालायची आहे त्यांच्यासाठी मधला खांब आहेच, त्याला धरून तसंही सगळे फिरतच असतात.

बरं, एका तिकिटात एकच देव असता तर गोष्ट वेगळी. या मार्गावर शीतलादेवी आहे, सिद्धिविनायक आहे, महालक्ष्मी आहे, आणि काळबादेवी आली की वर कुठेतरी मुंबादेवीही आहे. भक्ताचा हात खाली येतच नाही. पण महालक्ष्मीला जे झालं ते मला विसरता येत नाही. स्थानकाचं नाव ऐकताच अर्ध्या डब्यानं डोळे मिटले. एका काकूंनी तर ओटी भरायच्या बेतानं पदर सावरला. आता महालक्ष्मीचं देऊळ तिकडे समुद्राकाठी, भुलाभाई देसाई रस्त्याच्या टोकाला. स्थानक इकडे सातरस्त्याच्या बाजूला, लोकलच्या महालक्ष्मी स्टेशनाजवळ. तिथून देवळाला जायचं तर टॅक्सी करावी लागते. स्थानकाच्या जवळपास जगप्रसिद्ध असं काही असेल तर तो धोबीघाट आणि थोडा पुढे रेसकोर्स. म्हणजे त्या दिवशी डबाभर मंडळींनी डोळे मिटून, ओठ पुटपुटत, मनापासून जो नमस्कार केला तो शर्टांच्या दोऱ्यांना आणि घोड्यांना पावला. धोब्यांचा मान राखला गेला याचा आनंदच आहे, वर्षभर आपले कपडे आपटतात बिचारे. त्याच्या एकच स्थानक आधी विज्ञान केंद्र लागतं. त्याला कुणी हात जोडले नाहीत. एकानं जांभई दिली.

याच मार्गावर जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाचं स्थानक आहे. मुंबईत रेल्वे यावी म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत हे नाना शंकरशेट पुढे होते. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, चौदा डबे, तीन इंजिनं, चारेकशे पाहुणे, तोफांची सलामी. अंतर चौतीस किलोमीटर, वेळ तास-सव्वा तास. तेव्हाचे पाहुणेही कुठे जायचं होतं म्हणून बसले नव्हते, गंमत बघायलाच बसले होते. पण त्यांना खिडकीतून खाडी दिसली, मिठागरं दिसली, रुळांच्या दोन्ही बाजूंना जमलेले लोक दिसले. आज भुयारातलं अंतर साडेतेहेतीस किलोमीटर, वेळ तासभर. एकशे बहात्तर वर्षांत आपण अंतर तेवढंच ठेवलं, वेळ जवळपास तेवढाच ठेवला, फक्त मधलं दिसायचं तेवढं बंद केलं, आणि त्याला दर्शन म्हणू लागलो.

मला इथे भुयाराला नावं ठेवायची नाहीत, हे स्पष्ट सांगून टाकतो, नाहीतर उद्या पत्रं येतील. मरोळहून फोर्टात कामाला जाणाऱ्या माणसाला ही गाडी वरदान आहे. त्याला काही बघायचं नाही, त्याला वेळेत पोचायचंय, आणि तो पोचतो. घामाघूम न होता साहेबासमोर उभं राहणं म्हणजे काय ते लोकलच्या दारात लोंबकळलेल्यालाच विचारा. भुयारी गाडी पोचण्यासाठी आहे, तिनं बघण्याची हमी कधी दिलेली नव्हती. हमी आपणच तिच्या नावावर लिहिली. बघण्यासाठी या शहरात दुसरी सोय होती. उघड्या डेकची दुमजली बस होती. संध्याकाळी वरच्या मजल्यावर बसायचं, झाडाची फांदी आली की मान खाली घालायची, फोर्टातल्या इमारतींच्या कमानी अगदी हाताला लागतील इतक्या जवळून जायच्या, मरिन ड्राइव्हला वळलं की समुद्राचा वारा सरळ नाकात. आयुष्य संपल्यामुळे त्या बसगाड्या निवृत्त झाल्या. आणि भुयारी गाडीचा पहिला टप्पा प्रवाशांना खुला झाला तो ऑक्टोबर 2024 मध्ये. मुंबईकर वरच्या मजल्यावरून उतरला तो थेट तळघरात गेला. वाटेत जमीन लागते, तिथे थांबायचं त्याला सुचलंच नाही.

आणि आता मला राग यायला लागलाय, तो लपवत नाही. गिरगाव आलं. माझ्या शेजारी बसलेल्या एका सद्गृहस्थांनी उसासा टाकला. "काय गिरगाव होतं हो! चाळी, गणपती, खानावळी, माणसं. मराठी माणूस गेला आणि गिरगाव संपलं." हे ते कुठून म्हणाले? गिरगावच्या खालून! वर गिरगाव अजून आहे. संपलेलं नाही, त्याला कुणी भेटायला येत नाही. वर खोताची वाडी आहे, लाकडी जिन्यांची आणि व्हरांड्यांची, दुपारी तिथल्या बोळात चाललात तर आपल्याच पावलांचा आवाज येतो. फडकेवाडीचा गणपती आहे. सिद्धिविनायकाएवढी रांग तिथे नक्की नसते, आणि गर्दी नसलेलं गणपतीचं दर्शन ज्यांना एवढं प्रिय आहे त्यांना हे कुणी सांगितलंच नाही का? मी त्या गृहस्थांना म्हटलं, "चला, उतरू या. सरकता जिना आहे, गुडघ्यांना त्रास नाही." ते घाबरले. म्हणाले, "नको, तिकीट कफ परेडपर्यंतचं आहे. मधे उतरलं तर फुकट जाईल." गिरगाव गेल्याचं दुःख पंचवीस मीटर खोल, पण तिकिटाचं दुःख त्याहून खोल. दार मिटलं आणि काळबादेवीपर्यंत ते मराठी माणसाच्या ऱ्हासाबद्दल बोलत राहिले.

पुढची तीन स्थानकं तर मी दात आवळूनच काढली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. 2004 मध्ये जागतिक वारसा ठरलेली इमारत डोक्यावर उभी आहे, फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ, भिंतींवर दगडातले मोर आणि माकडं, आणि खाली आमचे पर्यटक बंधू फलाटाच्या गुळगुळीत फरशीचा फोटो काढतायत. हुतात्मा चौक. तिथे 1864 सालचं फ्लोरा फाउंटन आणि शेजारी संयुक्त महाराष्ट्रासाठी रक्त सांडलेल्यांचं स्मारक. एवढी वर्षं आपण एकमेकांना सांगतो की मुंबई फुकट मिळालेली नाही. ती ज्यांनी मिळवून दिली त्यांच्या खालून सूं करून जाताना डब्यात एक जण वेफर्सची पुडी दातानं फोडत होता. इथे मात्र एकानंही एक पाय चपलेबाहेर काढला नाही. मग चर्चगेट. वर ओव्हल मैदान, त्याच्या एका अंगाला गॉथिक इमारतींची रांग आणि त्यातून वर गेलेला राजाबाई टॉवर, दुसऱ्या अंगाला आर्ट डेको इमारती, गोल गोल गॅलऱ्यांच्या, जहाजासारख्या. मधल्या हिरवळीवर पोरं क्रिकेट खेळतायत, एका सामन्याचा फिल्डर दुसऱ्या सामन्याच्या पॉइंटला उभा. या दोन रांगांनाही 2018 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. हे बघायला लोक विमानानं सातासमुद्रापलीकडून येतात, गळ्यात कॅमेरा, डोक्याला टोपी, अंगाला उन्हाचं मलम, आणि तोंड उघडं टाकून माना वर करून उभे राहतात. तेवढ्यात त्यांच्या पायांखालून आमचा मुंबईकर जातो, मुंबई बघायला!

आता उत्तरं पाठ असल्यासारखी येतात. वर ऊन आहे. अहो, ऊन शिवाजी पार्कातही आहे, तिथे मॅच बघायला दिवसभर बसता. फुटपाथ चालण्याजोगे नाहीत. नाहीतच, कबूल, पण फॅशन स्ट्रीटला खरेदी करताना ते कसे चालतात? वर बघण्यासारखं काय आहे, आम्ही इथलेच. हे उत्तर मात्र माझ्या डोक्यात जातं. इथलेच म्हणजे कुठले? सकाळी आठ पाचची पकडणारे, संध्याकाळी सहा बत्तीसची पकडणारे. यातल्या कित्येकांनी राजाबाई टॉवरचं घड्याळ शेवटचं पाहिलं ते परीक्षेला उशीर झाला म्हणून. सिंगापूरला गेले की हेच लोक फुटपाथवर दोन-दोन तास चालतात आणि ग्रुपवर लिहितात, 'काय स्वच्छता! काय इमारती!' तिथल्या साध्या पोस्टाच्या पेटीचाही फोटो काढतात. आपल्या शहरात मात्र त्यांना सरकत्या जिन्यापुढे काही दिसत नाही. त्या जिन्यावरसुद्धा डावीकडे, उजवीकडे, मधे, सगळीकडे उभे राहून रील काढतात, आणि मागे खोळंबलेला, खरंच कामाला निघालेला माणूस म्हणाला, "जरा बाजूला होता का?" तर त्यालाच ऐकवतात, "बघतोय दिसत नाही का?"

नाही दिसत. काय बघताय तेच तर कळत नाहीये.

तेव्हा काका-काकूंनो, आणि त्या कंटाळलेल्या नातवाच्या आईबाबांनो, पुढच्या रविवारी एवढं करा. सकाळी लवकर निघा, फोर्टात तेव्हा रस्ते मोकळे असतात. खुशाल भुयारातून या, एसीत बसा. पण तिकीट हुतात्मा चौकापर्यंतचंच काढा, म्हणजे फुकट जाण्याची भीती नाही. तिथे वर या. स्मारकापुढे दोन मिनिटं उभे राहा, हवं तर दोन्ही पाय चपलेबाहेर काढा. मग वीर नरिमन रस्त्यानं चर्चगेटच्या दिशेला चालू लागा, मैदान आलं की थांबा, आणि नातवाला मान वर करून इमारती दाखवा. दहा-बारा मिनिटांचं अंतर आहे. त्याला पाऊण तास लावा. हेच अंतर गाडीनं गेलात तर किमान भाडं माणशी दहा रुपये आहे. वरून चालत गेलात तर काहीच पडत नाही.